पुढे टाकलेला नांगर

थर्झा डायरच्या घरात एक क्रियापद होतं. रॉकलंड बंदरातल्या इतर घरांत ते ठाऊक असलं तरी वरच्या फळीवरच्या भांड्यासारखं पडून असायचं. थर्झाकडे ते रोजच्या वापरातलं होतं. ‘केजणं.’ नातवंडं गणितं पाहून रडकुंडीला आली की ती म्हणायची, “सगळ्यांकडे बघूच नकोस. पहिलं पुढे टाक आणि तिथपर्यंत केज.” थंडीत गुडघे धरले की म्हणायची, “खुर्चीपर्यंत केजते, मग चुलीचं बघू.” नवरा, ओरिन, गेला त्या हिवाळ्यात शेजारणी ॲपल-पाय आणि केक घेऊन यायच्या, कशी आहेस विचारायच्या. ती सांगायची, “केजतेय.” आणि त्यांच्या हातातलं ताट घ्यायची.

एकदा नातीने शाळेतल्या जाड शब्दकोशात तो शब्द शोधला. लहान नांगर होडीतून पुढे नेऊन टाकणे व त्याचा दोर ओढून जहाज नांगरापर्यंत नेणे, असं तिथे लिहिलं होतं.

“आजी, तू म्हणतेस ते यात नाहीये.”

“आहे की,” थर्झा म्हणाली. “सगळं आहे. फक्त धूर नाही.”

त्या धुराची ही गोष्ट आहे. आता किनाऱ्यावर ना त्या चुन्याच्या भट्ट्या उरल्या, ना चुना नेणारी ती गलबतं.

धूर पहिल्यांदा थर्झाच्याच नाकाला कळला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओरिनच्या दोन शिडांच्या ‘प्रूडन्स’ गलबतावर ती पहिल्यांदाच बॉस्टनला निघाली होती. गलबताच्या पोटात चुन्याची पिंपं खच्चून भरलेली. पहिल्याच दिवशी वारा पडला आणि त्यांनी पेटीग्रू बेटाच्या खाडीत नांगर टाकला. सकाळी ती केबिनच्या पायरीवर बसून केस विंचरत होती, आणि वास आला. नुकताच गिलावा केलेल्या खोलीचा, कोंदट, उबदार, ओला वास.

“ओरिन,” तिने हाक मारली, “खाली कुणी भिंत सारवलीय का?”

ओरिन दाढी करत होता. त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

कळीच्या चुन्याचा स्वभाव घरोघरी माहीत असतो. पाणी लागलं की तो फुगतो, फुटतो, उकळतो. बादलीभर चुन्याची ही तऱ्हा, तर गलबतभर चुन्याची काय असेल? कुठल्याशा फटीतून समुद्राची एक धार आत झिरपते, एक पिंप तापतं, त्याचं लाकूड धुमसतं, मग शेजारचं. त्यावर पाणी ओतावं तर ते तेलासारखं लागतं. चहूकडे समुद्र, आणि त्यातला एक तांब्या आपल्या कामाचा नाही. उपाय एकच. विझवलेल्या चुन्याचा लगदा करून गलबताची प्रत्येक फट लिंपायची. मालाच्या कोठाराची झाकणं, खिडक्या, चुलीचं धुराडं, दार, सगळं. आत हवा जाऊ द्यायची नाही. मग डेकवर बसून राहायचं आणि वाट बघायची. कधी आठवडे, कधी महिने. आग गुदमरून मेली तर गलबत आपलं. नाही मेली तर नाही.

“ॲन्सेल कुठे आहे?” फटी लिंपता लिंपता ओरिनने विचारलं. ॲन्सेल हा त्यांचा तरणा खलाशी.

“तो गेला,” होझिया काका म्हणाले. होझिया काका म्हणजे गलबतावरचे स्वयंपाकी, सुतार, शिंपी आणि सल्लागार. ते ओरिनचे काका नव्हते. आमच्याकडे पांढऱ्या दाढीचा प्रत्येक माणूस काकाच असतो. “वास आला तेव्हा तो रेलिंगवर होता. बूट हातात घेऊन पोहत गेला. मी इतकं चपळ त्याला कामात कधी पाहिलं नव्हतं.”

सगळं लिंपून झाल्यावर ओरिन थर्झाजवळ येऊन बसला. त्याच्या भुवयांपर्यंत चुना उडाला होता.

“कुणाला कळता कामा नये,” तो हळूच म्हणाला. “धुमसणारं गलबत आहे म्हटलं की एकही बंदर आपल्याला उभं करत नाही. वारा आला की निघू, कुठल्यातरी ओसाड खडकाच्या आडोशाला जाऊन बसू. तोवर इथे काही झालंच नाही.”

थर्झाने डेककडे पाहिलं. झाकणावर पांढऱ्या लगद्याचे जाड पट्टे, डोलकाठीच्या बुडाशी पांढरं कडं. किनाऱ्यावरून आंधळ्यालाही दिसावं. या गलबताशिवाय त्यांच्याकडे काहीच नव्हतं. रॉकलंडमधली भाड्याची खोली त्यांनी सोडून दिली होती. तिच्या आईने दिलेल्या रजया, ओरिनच्या वडिलांची घड्याळं, तिच्या लग्नाचा पोशाख, सगळं त्या लिंपलेल्या केबिनमध्ये होतं. ‘प्रूडन्स’ गेलं असतं तर दोघं दुसऱ्याच्या गलबतावर चाकरीला लागले असते, तेही वेगवेगळ्या.

तिला एक युक्ती सुचली. केबिन लिंपण्याआधी वर काढलेल्या चादरी आणि अभ्रे तिने समुद्राच्या पाण्यात बुचकळले, दोन डोलकाठ्यांच्या मध्ये दोरी बांधली आणि सगळं वाळत घातलं. पांढऱ्यामागे पांढरं लपलं. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, कप्तानाची नवी बायको टापटिपीची आहे.

ओरिन पुढच्या टोकाला होता. त्याने धुणं पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता, कारण किनाऱ्यावरून एक डोरी, आमच्याकडची ती सपाट बुडाची होडी, सरळ त्यांच्याकडे निघाली होती. तीत एक म्हातारी उभ्याने वल्ही मारत होती. पुरुषी कोट, डोक्याला लोकरी रुमाल.

“कप्तान आहेत का?” तिने खालून विचारलं.

“झोपलेत,” थर्झा म्हणाली.

“भरदुपारी?”

“रात्री जागरण झालं.”

“धुणं छान निघालंय तुझं.” म्हातारीने वल्ही आत घेतली. “एवढं पाणी तापवलंस कशावर? धुराड्यातून काडीचा धूर नाही.”

“गार पाण्यात धुतले.”

“नोव्हेंबरात.” म्हातारी जरा वेळ चादरींकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “कुठली ग तू? बाप काय करतो?”

“मासेमारी. डीअर आयलकडे.”

“तरीच. पोरी, भरलेल्या चुन्याच्या गलबतावर कुणी धुणं वाळत घालत नाही. ओल्या पायाने कुणी खाली उतरत नाही, ओला मोजासुद्धा आत नेत नाहीत. तू ते निशाण फडकवलंस तेव्हाच मी चुलीवरून बीन्सचं मडकं उतरवलं आणि निघाले.”

थर्झाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओरिन मागून आला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“लोवाइना मावशी,” त्याने टोपी काढली. पेटीग्रू बेटावरच्या लोवाइना मावशीला खाडीत येणारा प्रत्येक गलबतवाला ओळखत होता. “आम्ही लिंपलंय. नीट लिंपलंय.”

“दिसतंय. हात चांगला आहे तुझा. पण इथून निघायचं.”

“वारा कुठेय?”

“येईल. संध्याकाळी नैर्ऋत्येचा येईल, माझा गुडघा सकाळपासून सांगतोय. आणि तो आला की सरळ या खाडीत घुसतो. आमची माणसं बाहेर मासे धरायला गेलीत, त्याच वाऱ्याबरोबर घरी येतील. धक्क्यावर सुकं गवत रचलंय, त्याच्यामागे मासे खारवायच्या झोपड्या, त्याच्यामागे आमची घरं. तुझं हे पेटलं तर ठिणगीला कुठे वाट विचारावी लागणार नाही.”

“मग वाऱ्याशिवाय निघू कसा? तुमच्या होड्या लावून ओढणार का?”

“जळत्या चुन्याला आपली होडी कोण बांधेल? तू बांधशील?”

ओरिनने लुळ्या पडलेल्या शिडाकडे पाहिलं.

“केज,” म्हातारी म्हणाली. “डुकरिणीच्या मागे जाऊन बस. तिथे आडोसा आहे आणि जळायला शेवाळाशिवाय काही नाही.”

डुकरीण म्हणजे खाडीच्या तोंडाबाहेरचा लांबट काळा खडक. भरतीला तिची नुसती पाठ दिसते.

“भरती चढतेय,” ओरिन म्हणाला. “तिच्या विरुद्ध केजायचं? दोन माणसांनी?”

“तीन दिसतात मला.”

“आणि नाही जमलं तर?”

म्हातारीने वल्ही पुन्हा हातात घेतली. “तर आमची पोरं आल्यावर कुऱ्हाडी घेऊन येतील, दोर तोडतील आणि तुला त्या बाजूच्या खडकावर ढकलून देतील. मी त्यांना अडवणार नाही.” जाता जाता ती थर्झाकडे वळली. “आणि ते धुणं काढ ग. बेटावरच्या सगळ्या बायका बघतायत.”

थर्झाने तो शब्द ऐकलेला होता, पण कधी करून पाहिलेला नव्हता. तिचे वडील लहान होडीवाले. वारा पडला की वल्ही मारायची. होझिया काका डेकच्या मागच्या कोपऱ्यातून लहान नांगर ओढून आणत होते. चांगला हाडापेराने मजबूत, पण मोठ्यापुढे पोरगाच.

“काका, म्हणजे नेमकं करायचं काय?”

“नांगर कशाला असतो?”

“धरून ठेवायला.”

“मग तेच. तू हा होडीतून पुढे न्यायचा आणि दोर संपेल तिथे टाकायचा. तो तिथलं समुद्राचं बूड धरून बसेल. आम्ही इथे रहाट फिरवून दोर ओढू. नांगर काही आमच्याकडे यायचा नाही, तेव्हा आम्हीच नांगराकडे जाऊ. पोहोचलो की मोठा नांगर सोडून दम खायचा, धाकटा उपटायचा आणि पुन्हा पुढे. असं करत करत माणूस स्वर्गातसुद्धा जाईल, फक्त वर बूड लागलं पाहिजे.”

“वल्ही मी मारते,” थर्झा म्हणाली.

ओरिनने तिच्याकडे पाहिलं. डेकवर, इतरांसमोर, ती त्याला कॅप्टन म्हणायची. आत्ताही तसंच म्हणाली, “तुम्हा दोघांशिवाय रहाट फिरणार नाही, कॅप्टन. आणि होडीत मी तुमच्यापेक्षा बरी आहे.”

“आहेच,” ओरिन म्हणाला. “पण ऐक. रहाटाचा प्रत्येक हिसका गलबताला हलवणार. गलबत हललं की लिंपण तडकणार. तडकलं की आत हवा. परत आलीस की आधी तडे बघायचे, मग पुढचा नांगर.”

होझिया काकांनी तिच्यापुढे डुकराच्या चरबीचा डबा धरला. “कोपरापर्यंत चोळ. लगदा कातडी सोलतो.”

पहिली खेप सोपी वाटली. नांगर होडीच्या मागच्या कडेला फासात लटकवलेला, दोराचं वेटोळं पायाशी. ती वल्ही मारत गेली आणि दोर सुटत गेला. धाकटा असला तरी नांगर होडीचं शेपूट पाण्याला टेकवत होता. दोर संपत आला तसा तिने फास सोडला. नांगर बुडबुडे काढत गेला. मागून काकांची आरोळी आली, रहाट करकरला, आणि ती परत वल्हवत असताना ‘प्रूडन्स’ तिच्याकडे सरकू लागलं. शीड नाही, वारा नाही, भरती उलटी, आणि तरी एवढं मोठं धूड चालत येत होतं. तिला जन्मभर ते दृश्य आठवत राहिलं. एखादं आंधळं जनावर कुणीतरी दोरीने हळूहळू घराकडे नेत असावं तसं.

ती डेकवर चढली. झाकणाच्या एका कडेने केसाएवढा तडा गेला होता आणि त्यातून धुराची सुतळी सरळ वर चालली होती. तिने बादलीतला लगदा मुठीने घेतला, तड्यात कोंबला, अंगठ्याने दाबला. चरबीतूनही तो चावला. दुसरा तडा डोलकाठीच्या बुडाशी. तिसरा केबिनच्या दाराला. गुडघ्यावर रांगत ती एकेक शोधत होती. एके ठिकाणी डेकच्या फळीवर तळवा टेकला आणि तिने तो उचलून घेतला.

“काका, इथे गरम आहे.”

“गरम की कढत?”

“भाकरीच्या तव्याएवढं नाही.”

“मग अजून आपलंय. जा.”

दुसरी खेप. किनाऱ्यावर काही बायका हाताची घडी घालून उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी हात हलवत नव्हतं. शनिवार होता, घराघरांतून बीन्स आणि काळ्या पावाचा वास पाण्यावर येत होता, आणि थर्झाने सकाळपासून एका सुक्या बिस्किटाशिवाय काही खाल्लं नव्हतं. भरती आता जोरात आली होती. वल्ह्याचे दोन फटके पुढे जावं तर एक मागे. नांगर टाकून ती परतली तेव्हा रहाटाशी ओरिनचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि होझिया काकांची थट्टा बंद झाली होती. काका गप्प झाले की थर्झाला भीती वाटायची.

“हळू,” ओरिन म्हणत होता. “हिसका नको, काका. दही घुसळतोय असं फिरवा.”

“मी कधी घुसळलं नाही. बायको घुसळायची.”

“मग ती कशी घुसळायची ते आठवा.”

खाडीचं तोंड आलं. डावीकडे डुकरिणीच्या अलीकडची खडकाळ पट्टी, उजवीकडे मोकळं पाणी. अजून एक खेप, फार तर दीड. नैर्ऋत्येला पाण्यावर काळसर पट्टा दिसू लागला होता. ओरिनने तो पाहिला, थर्झानेही.  तो वारा होता.

तिसऱ्या खेपेला नांगर पडला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. तो तळाला लागला तसा दोर गाळात बसल्यासारखा मऊ ताणला गेला नाही, थरथरला. खाली दगड होता. ती परतली, डेकवर चढली, लगद्याची बादली उचलली. आणि रहाटाच्या करकरीच्या मध्येच एक कोरडा आवाज आला, लाकूड फुटल्यासारखा. दोर दगडाच्या धारेवर घासून तुटला होता. त्याचं टोक पाण्यातून उडालं आणि रेलिंगवर चाबकासारखं बसलं.

ओरिनने मोठा नांगर सोडून दिला. साखळी धडधडत गेली आणि सगळं गलबत शहारलं. नांगराने धरलं, पण गलबताचं शेपूट भरतीबरोबर वळत खडकांकडे गेलं आणि तिथेच टांगून राहिलं. लिंपण एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी उकललं. झाकणाच्या कोपऱ्यातून आता सुतळी नव्हती. मनगटाएवढा जाड, पिवळट धूर होता.

“होडीत बस,” ओरिन म्हणाला. “काकांना घे.”

“आणि तू?” कॅप्टन म्हणायचं ती विसरली.

“मी मागून येतो.”

“पोहत?”

“थर्झा, दुसरा नांगर नाही. वारा आला की आपण त्या पट्टीवर. तळ फुटला की सगळं पाणी एकदम आत येणार आणि हे आपल्या पायाखाली फुटणार. बस होडीत.”

ती रेलिंगपाशी गेली. होडी खाली हेलकावत होती. एवढंच उरलं होतं. उतरायचं आणि मागे न बघता वल्ही मारायची. तिने मागे पाहिलं. दोरीवरून काढलेल्या चादरी पिंपावर तशाच पडल्या होत्या. वाळल्या होत्या.

“मोठा नांगर धरून आहे ना अजून?”

“आत्तापुरता.”

“मग आत्तापुरतं हे करू,” ती म्हणाली, आणि पहिली चादर तिने लगद्याच्या पिंपात दाबली. पांढरी, जड, ठिबकणारी चादर उचलून तिने झाकणाच्या कोपऱ्यावर टाकली, दोन्ही हातांनी चापली, कडा कोंबल्या. धूर चादरीखाली फुगला, कडेने बाहेर येऊ पाहू लागला. तिने दुसरी टाकली. मग अभ्रे. आईने एका अभ्र्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने त्यांची आद्याक्षरं काढली होती. तो केबिनच्या दाराला गेला. चरबी केव्हाच निघून गेली होती आणि हात पेटल्यासारखे झाले होते. ओरिन एक क्षण तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पिंपाची दुसरी कड धरली.

“ते बघा,” होझिया काका म्हणाले.

किनाऱ्याकडून डोरी येत होती. उभ्याने वल्हवणारी म्हातारी आता बसून, पूर्ण पाठ लावून वल्हवत होती. होडीचं शेपूट पाण्याला टेकलं होतं. मागच्या कडेला एक जुना, गंजका नांगर लटकत होता. त्याच्या फाळाला अजून माती होती, आणि मातीत फुलझाडाची सुकलेली मुळं.

“दोराचं टोक टाका,” खालून हाक आली. “झोपलाय की काय?”

“मावशी, दूर राहा,” ओरिन ओरडला. “हे कधीही—”

“मला सांगू नकोस. मी चुन्याच्या गलबतावर आठ वर्षं संसार केलाय. दोर.”

ओरिनने उरलेला दोर फेकला. तिने म्हातारपणाला न शोभेल अशा झटक्यात तो नांगराच्या कडीला बांधला. तरी ती तिथून हलेना. धापा टाकत होती.

“एकटीने नाही व्हायचं,” ती म्हणाली. “ती धुणंवाली कुठाय?”

थर्झा उतरली. दोघी एका होडीत, एकेक वल्हं घेऊन बसल्या. थर्झाचं वल्हं तळहाताच्या कातडीसकट फिरत होतं. म्हातारी बोलत नव्हती, फक्त दात आवळून मोजल्यासारखं हुंकारत होती, आणि थर्झा त्या हुंकाराला वल्हं जुळवत होती. समोर पाण्यावरचा काळा पट्टा रुंद होत होता.

“आणखी उजवीकडे,” म्हातारी म्हणाली. “तिथे गाळ आहे. तुमचा मघाचा नांगर तुम्ही डुकरिणीच्या दातांत घातलात.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आमचाही एकदा तिथेच अडकला होता. सोड आता.”

थर्झाने फास सोडला. नांगर माती आणि मुळं पाण्यात सोडत खाली गेला. दोर ताणला, मऊपणे, आणि स्थिर राहिला.

त्या बसून बघत राहिल्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुरुषांनी मोठा नांगर वर घेतला आणि ‘प्रूडन्स’चं शेपूट खडकांपासून हळूच सुटलं. चादरींच्या पट्ट्यांनी ते जखमी माणसासारखं दिसत होतं. रहाटाचा एक हिसका आला असता तरी लिंपण उकलायला पुरे होतं. पण तो आला नाही. दोघं पुरुष खरोखर दही घुसळल्यासारखा फिरवत होते. दोर तिळातिळाने आत गेला. गलबत त्यांच्या होडीजवळून इतकं सावकाश सरकलं की थर्झाला फळीच्या फटीतलं डांबर दिसलं. मग ते डुकरिणीच्या पाठीमागे गेलं. साखळी या वेळी हातांनी धरून, कडीकडीने सोडली.

वारा तेव्हाच आला. आधी पाण्यावर शिरशिरी, मग तोंडावर. बाहेरून बेटाच्या मासेमारी होड्या शिडं फुगवून येत होत्या. खडकामागे उभं राहिलेलं पांढरं चोपडलेलं गलबत पाहून पहिल्या होडीतला माणूस उभा राहिला, त्याने जरा बघितलं आणि तो पुन्हा बसला.

“तुमचं गलबत,” थर्झाने विचारलं, “ते वाचलं होतं का?”

म्हातारी वल्ह्यांवर हात ठेवून बसली होती. “आम्ही एका बंदरात लपलो होतो. मी रजया वाळत घातल्या होत्या. तिथल्या लोकांनी पाहिलं नाही की पाहून गप्प बसले, कोण जाणे. कुणी आम्हाला बाहेर काढलं नाही. वारा आला.” तिने होडी वळवली. “नांगर तेवढाच राहिला. दारात पुरला होता, त्याच्याभोवती मी दरसाल जिरेनियम लावते. परत आणून दे.”

थर्झा त्या रात्री गलबतावर गेली नाही. तिचे हात पाहून म्हातारीने तिला घरी नेलं, हाताला लोणी लावलं, चिंध्या बांधल्या आणि चमच्याने बीन्स भरवले. रविवारी ती परत डुकरिणीमागे गेली.

मग वाट बघणं. ते सांगण्यासारखं नसतं. डेकवर शिडाचा तंबू, रात्री थंडी, दिवसा फळ्यांवर तळवे ठेवत फिरायचं. बेटावरून कुणी ना कुणी पाणी आणि पाव आणून खडकावर ठेवायचं, आणि जवळ न येता निघून जायचं. होझिया काका रोज सकाळी फळीला कान लावायचे आणि म्हणायचे, “बडबडतंय अजून.” एके सकाळी त्यांनी कान लावला आणि काहीच म्हटलं नाही. तरी ओरिनने घाई केली नाही. पहिला बर्फ पडला. तो डेकवर वितळायचा. मग एक दिवस वितळला नाही, झाकणावर तसाच राहिला. थर्झा उठली तेव्हा ओरिन त्या बर्फाकडे बघत उभा होता. त्याने तिला जवळ बोलावलं आणि तिचा तळवा त्या बर्फावर टेकवला.

नाताळाआधी त्यांनी झाकणाचा कोपरा फोडला. ओरिनने शर्टाची बाही सारून हात आत घातला, खांद्यापर्यंत. थर्झा त्याचा चेहरा बघत होती.

“गार,” तो म्हणाला.

चुना सगळा दगड झाला होता. तो पुढे कुदळीने काढावा लागला. मधल्या फळ्या कोळसा झाल्या होत्या. पण बाहेरचं कवच शाबूत होतं, आणि शेजारच्या लिंपलेल्या केबिनमध्ये आईच्या रजया होत्या तशाच होत्या, फक्त त्यांना वास लागला होता. तो वास पुढे कधीच गेला नाही.

थर्झाने चूल पेटवली. कित्येक आठवड्यांनी धुराड्यातून धूर निघाला. तिने पाणी तापवलं, भरपूर, आणि अंगावरचे सोडून जे काही कापड होतं ते सगळं धुतलं. दोन डोलकाठ्यांच्या मध्ये दोरी बांधली. हातांची नवी कातडी गरम पाण्यात चुरचुरत होती. कपडे दोरीवर टाकताच गोठून, कडक होऊन लाकडासारखे खडखडू लागले, पण तिने एकही आत घेतला नाही.

खाडीच्या त्या बाजूला दारात एक बाई आली. कोट, डोक्याला रुमाल. ती धुण्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग वाकून तिने दारातल्या खड्ड्यातला बर्फ हाताने बाजूला केला, जिथे नांगर पुरायचा होता, आणि आत गेली.